बसचा रस्ता कुठे तुटला

डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात सातारा रस्त्याच्या मधोमध, फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेतून पहिल्या गाड्या धावल्या, तेव्हा असा रस्ता भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही शहराकडे नव्हता. दिल्लीतला आंबेडकर नगर ते मूलचंद हा पट्टा सुरू झाला एप्रिल २००८ मध्ये आणि अहमदाबादचा जनमार्ग ऑक्टोबर २००९ मध्ये. बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे बीआरटी, या देशात सर्वांत आधी आली ती कात्रज आणि स्वारगेटच्या दरम्यान. मुलींच्या शाळेपासून कितीतरी गोष्टींचे पहिलेपण पुणे अभिमानाने सांगते. हे पहिलेपण मात्र शहराच्या आठवणीतून जवळपास पुसले गेले आहे. उरले आहे ते एकच वाक्य, ‘बीआरटी फसली.’ रिक्षात बसा, सोसायटीच्या बैठकीला जा, हे वाक्य कुणीही म्हणते, आणि त्यानंतर कुणी काही विचारत नाही.

विचारायला हवे. एखादी योजना फसते म्हणजे कुठल्या चौकात, कुठल्या वर्षी, कुणाच्या निर्णयाने फसते, हे पाहिले की गोष्ट वेगळी दिसते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पुण्यात शहर बस आली ती खासगी कंपनीच्या हातून. सिल्व्हर ज्युबिली मोटर्सच्या गाड्या १९४० च्या दशकात शहरात धावत होत्या. १९५० मध्ये पुण्याची महानगरपालिका झाली, त्याच वर्षी तिने बससेवा ताब्यात घेतली आणि पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट, म्हणजे पीएमटी, सुरू झाली. पुढे संस्थेचे नाव बदलले तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी आजही ‘पीएमटी’च आहे. त्या काळचे पुणे पेठांचे आणि सायकलींचे होते. कचेरी, शाळा, मंडई, सगळे पायडलच्या टप्प्यात. १९६१ मध्ये पानशेतचे धरण फुटले आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती गावाबाहेर वसल्या. त्याच दशकात पिंपरी-चिंचवडला एमआयडीसीची औद्योगिक वसाहत फोफावली, टेल्को आली, आकुर्डीला बजाजचा कारखाना उभा राहिला. घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, असे शहर पहिल्यांदाच तयार होत होते.

अशा शहराला बस लागते. पुण्याने मात्र दुचाकी निवडली. निवडली असे म्हणणेही पूर्ण खरे नाही, कारण लोकांपुढे दुसरा भरवशाचा पर्याय फारसा कुणी ठेवलाच नाही. एके काळी चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नव्वदच्या दशकात गाडी कर्जावर, हप्त्यांवर मिळू लागली आणि कॉलेजच्या मुलापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे तिच्यावर बसले. थांब्यावर बस कधी येईल याचा भरवसा नाही, आली तर आत शिरता येईल याचा नाही. दुचाकी दारातून निघते आणि दारात पोचते. जितक्या दुचाक्या वाढल्या तितकी बस गर्दीत अडकत गेली, आणि बस जितकी अडकली तितके तिचे प्रवासी दुचाकी घेत गेले. नव्या गाड्या विकत घेऊन हे चक्र थांबत नव्हते, कारण नवी बसही त्याच कोंडीत उभी राहणार होती. ते तोडायचे तर बसला गर्दीतून बाहेर काढायला हवे होते.

ही कल्पना जगात नवी नव्हती. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात वास्तुविशारद महापौर जाइमे लर्नर यांच्या काळात, १९७४ मध्ये, बससाठी स्वतंत्र रस्ते सुरू झाले होते. कोलंबियाची राजधानी बोगोटा हिने डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ सुरू केली आणि जगभरचे नगरनियोजक ती पाहायला जाऊ लागले. हिशेब साधा आहे. एका मार्गिकेतून मिनिटाला एक बस सोडली आणि प्रत्येकीत ६० माणसे धरली, तर तासाला ३,६०० माणसे जातात. मोटारींनी भरलेल्या तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्याला हे जमत नाही, कारण बहुतेक मोटारींत एक किंवा दोन माणसे असतात. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने हाच विचार सरकारी भाषेत मांडला: रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना द्यायची.

पैसाही त्याच सुमारास आला. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. पुण्याच्या आकाराच्या शहरासाठी केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० आणि पालिकेचे ३०, अशी खर्चाची वाटणी होती. नितीन करीर तेव्हा पुण्याचे महापालिका आयुक्त होते. ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात, बालेवाडीला, भरायच्या होत्या आणि शहराचे खासदार सुरेश कलमाडी त्यांच्या संयोजनाचे प्रमुख होते. पाहुणे यायच्या आत शहर नवे दिसायला हवे, या घाईत रस्त्यांची कामे निघाली. कात्रज ते स्वारगेट ते हडपसर असा सुमारे साडेसोळा किलोमीटरचा मार्ग ‘प्रायोगिक’ म्हणून ठरला.

ही निवड मला आजही योग्य वाटते. कात्रजकडून येणारा सातारा रस्ता धनकवडी, बालाजीनगर, पद्मावती, बिबवेवाडी अशा दाट वस्तीतून स्वारगेटला पोचतो. तिथून शंकरशेठ रस्ता, गोळीबार मैदान, फातिमानगर करीत सोलापूर रस्ता हडपसरच्या गाडीतळाला जातो. भारती विद्यापीठाची मुले, मार्केट यार्डातले हमाल, हडपसरच्या कारखान्यांतले कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, सगळे या वाटेवरचे. बसवर खरोखर अवलंबून असलेली माणसे इथे होती. वातानुकूलित, लो फ्लोअर व्होल्व्हो गाड्या या मार्गावर आल्या, तेव्हा पीएमटीच्या खडखडणाऱ्या गाड्यांची सवय असलेल्या प्रवाशांनी त्यांचे मनापासून स्वागत केले.

मग रोजचा व्यवहार सुरू झाला.

बसची मार्गिका मधोमध ठेवण्यामागे तर्क होता. कडेने ठेवली तर उभ्या रिक्षा, दुकानांसमोरच्या गाड्या आणि गल्ल्यांतून बाहेर येणारी वाहने तिला पदोपदी अडवतात. पण बस मध्यात गेली की थांबाही मध्यात जातो, आणि प्रवाशाला तिथे पोचायला धावत्या रस्त्याचा अर्धा भाग ओलांडावा लागतो. म्हणून अशा रस्त्यावर पादचाऱ्याचा सिग्नल, उंच झेब्रा, रेलिंग आणि ते पाळायला लावणारा पोलिस हे सगळे मार्गिकेच्या आधी हवे असते. पुण्यात मार्गिका आधी झाली. पदपथ कुठे अर्धे, कुठे खोदलेले. झेब्रावर दुचाक्या थांबत नव्हत्या. शिवाय रिकाम्या दिसणाऱ्या मार्गिकेतून बस वेगाने यायची, आणि रस्ता ओलांडणारा माणूस मोटारींकडे पाहायच्या नादात तिच्याकडे पाहत नसे. अपघात झाले, माणसे गेली. वर्तमानपत्रांनी त्या बातम्या ठळक छापल्या, आणि ते बरोबरच होते. पालिकेने वॉर्डन नेमले, दुरुस्त्या केल्या, पण पहिल्या महिन्यांत शहराच्या मनात जी भीती बसली ती पुढे कधी गेली नाही.

लोकांच्या रागाचे दुसरे कारणही समजण्यासारखे होते. कोंडीत अडकलेला दुचाकीस्वार शेजारच्या मोकळ्या पट्ट्याकडे पाहतो, तेव्हा त्याला तिथे वाया गेलेली जागा दिसते. तो पट्टा मोकळा दिसतो कारण बस निघून गेलेली असते, माणसे घेऊन. हे त्याला पटायचे तर दर मिनिटा-दोन मिनिटांनी भरलेली बस त्याच्या शेजारून जायला हवी. पीएमटीकडे तेवढ्या चांगल्या गाड्याच नव्हत्या. मार्गिका खालून सिमेंटची, वर धावणाऱ्या गाड्या मात्र बहुतेक जुन्या. त्यांतली एक बंद पडली की मागच्या सगळ्या अडकत, कारण अरुंद पट्ट्यात पुढे काढायला जागा नसे. ऑक्टोबर २००७ मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे पीएमपी, झाले. ते आवश्यकच होते. पण दोन संस्थांचे कामगार, आगारे, तोटे आणि सवयी एकत्र करण्याचे अवघड काम नेमके त्याच काळात अंगावर आले, जेव्हा नव्या मार्गावर सगळे लक्ष लागायला हवे होते.

मार्गिका तुटली ती चौकांत. पुण्याची गोष्ट कळायला हे नीट पाहावे लागते. मधून जाणारी बस सरळ निघते, त्याच वेळी तिच्या डावीकडच्या वाहनांना उजवीकडे वळायचे असते. दोघांची वाट एकमेकांना छेदते. उपाय आहे, पण तो सोपा नाही: सिग्नलला वेगळा टप्पा द्यायचा, काही ठिकाणी उजवे वळण बंद करून वाहनांना पुढून वळवून आणायचे. त्याने मोटारींचा थोडा वेळ जातो आणि बसचा वाचतो. असा निर्णय घेणारा अधिकारी लोकांच्या शिव्या खातो. पुण्यात बहुतेक जागी सोपा मार्ग निघाला. चौक जवळ आला की बसची मार्गिका संपायची आणि बस इतर वाहनांत मिसळायची. मोठ्या चौकात कोंडी सर्वांत जास्त, आणि तिथेच बसला स्वतःचा रस्ता नव्हता.

स्वारगेटला तर तो नावापुरताही राहिला नाही. एसटीचे स्थानक, पीएमपीचे आगार, रिक्षा, सातारा आणि सोलापूरकडची वाहतूक, सगळे तिथे एकवटते. पुढे तिथल्याच जेधे चौकात उड्डाणपूल झाला. तो मोटारींसाठी होता, बसचा प्रवासी खालीच राहिला. स्वारगेटहून हडपसरला जाताना वाट पुणे कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतून जाते. तिथली जमीन वेगळ्या ताब्यातली, परवानग्या वेगळ्या, आणि त्या भागात सलग मार्गिका कधी मिळाली नाही. जिथे रस्ता रुंद होता आणि बस एरवीही बऱ्यापैकी धावली असती, तिथे तिला राखीव जागा होती. जिथे रस्ता आवळत होता, तिथे नव्हती. शृंखलेची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी असते, आणि कात्रज-हडपसर मार्गाच्या कच्च्या कड्या नेमक्या मोक्याच्या जागी होत्या.

अहमदाबादने हे सगळे पाहिले होते. तिथल्या सेप्ट विद्यापीठाच्या लोकांनी मार्गाची आखणी केली. थांब्याऐवजी बंदिस्त स्थानक बांधले, ज्याचा फलाट बसच्या दाराच्या पातळीला येतो आणि जिथे तिकीट आत शिरतानाच काढायचे असते. जुलै २००९ पासून सुमारे तीन महिने त्यांनी गाड्या लोकांना फुकट चालवून दाखवल्या, चुका सुधारल्या आणि मग तिकीट लावले. पुढच्याच जानेवारीत जनमार्गाला शाश्वत वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अहमदाबादच्या व्यवस्थेतही पुढे अडचणी आल्या, सायकलस्वार आणि पादचारी यांच्याकडे तिथेही दुर्लक्ष झाले. तरी तीन महिन्यांच्या त्या सरावाला मी फार महत्त्व देतो. लोकांनी गाडी वापरली आणि नंतर मत बनवले. पुण्यात लोकांनी खोदकाम सोसले, तोडलेली झाडे पाहिली, अपघाताच्या बातम्या वाचल्या आणि त्यावरून मत बनवले.

दिल्लीचा शेवट त्याहून कडवट झाला. ५.८ किलोमीटरच्या त्या पट्ट्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने बसच्या बाजूने निर्णय दिला. तरीही काही वर्षांत सरकारने तो पट्टा मोडून टाकला.

पुण्याने मात्र कात्रज-हडपसरनंतर दुसरा प्रयत्न केला, आणि त्याची कुणी फारशी नोंद घेत नाही. या खेपेस काम अधिक विचाराने झाले होते. ३० ऑगस्ट २०१५ रोजी संगमवाडी ते विश्रांतवाडी हा मार्ग सुरू झाला, ‘रेनबो’ या नव्या नावाने. स्थानके मधोमध, बंदिस्त, आपोआप उघडणाऱ्या दारांची, गाडी कधी येणार ते सांगणाऱ्या फलकांची. त्यासाठी दोन्ही बाजूंना दारे असलेल्या गाड्या आणल्या. सप्टेंबरमध्ये सांगवी ते किवळे, नोव्हेंबरमध्ये नाशिक फाटा ते वाकड, आणि एप्रिल २०१६ मध्ये येरवड्याहून वाघोलीकडे जाणारा नगर रस्ता. वर्षभराच्या आत चार मार्ग! अहमदाबादसारखी ही व्यवस्था आपल्याच मार्गात कोंडलेली नव्हती. बस एखाद्या उपनगरातून साध्या रस्त्याने येऊन मार्गिकेत शिरायची आणि पुढे पुन्हा बाहेर पडून दुसरीकडे जायची, म्हणजे प्रवाशाला गाडी बदलावी लागत नसे. पुण्यासारख्या विखुरलेल्या शहराला हे शहाणपणाचे होते.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला काम सोपे होते. तिथले रस्ते मुळातच रुंद, बरेचसे औद्योगिक नगरीच्या आखणीत आलेले. नाशिक फाटा-वाकड या मार्गाला जागतिक बँकेच्या शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्पाची मदत होती. रक्षक चौक, जगताप डेअरी, काळेवाडी फाटा, डांगे चौक या पट्ट्यात त्या काळात इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि बस त्यांच्या सोबत पोचली. एरवी आपल्याकडे आधी वस्ती होते, मग कोंडी, आणि शेवटी बस.

तरी तिथेही एक मार्ग वर्षानुवर्षे अडला. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचा दापोडी ते निगडी हा साडेबारा किलोमीटरचा पट्टा बांधून तयार होता आणि बंद होता. मोटारी खालून-वरून भरधाव जाव्यात म्हणून त्या रस्त्यावर ग्रेड सेपरेटर बांधले होते, आणि तशा वेगाच्या रस्त्याच्या मध्यात प्रवाशाने पोचायचे कसे, हा प्रश्न कुणी सोडवला नव्हता. सुरक्षेचा मुद्दा उच्च न्यायालयात गेला, आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी पाहणी केली, दुरुस्त्या झाल्या, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये एकदाची बस धावली. न्यायालयात जाणाऱ्या नागरिकाने बसला विरोध केला, असे कुणी म्हणू नये. २००६ मध्ये सातारा रस्त्यावर जो प्रश्न आधी सुटायला हवा होता, तोच इथे कायद्याच्या मार्गाने सुटला.

आणि मग नगर रस्ता. येरवडा, रामवाडी, विमाननगर, खराडी, वाघोली. इथे माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या आल्या, मॉल आले, त्यांच्यासोबत मोटारी. वाघोलीत स्वस्त घर घेतलेला तरुण आणि खराडीच्या कचेरीत साफसफाई करणारी बाई, दोघेही याच रस्त्याने जातात. मेट्रोचे खांब उभे राहू लागले, तशी मार्गिका मध्येच तुटू लागली. काही स्थानके बंद पडली, दारे चालेनाशी झाली. एकदा मार्गिका सलग राहिली नाही की गाड्या तिच्यात शिरत नाहीत, गाड्या शिरत नाहीत म्हणून ती रिकामी दिसते, आणि रिकामी दिसते म्हणून काढून टाका अशी मागणी येते. २०२३ च्या अखेरीस येरवडा ते विमाननगर या भागातली स्थानके आणि रेलिंग पाडण्यात आली. कोंडी कमी होईल, असे कारण होते. सुरुवातीला रस्ता नक्कीच मोकळा वाटतो. पण रुंद केलेला रस्ता नव्या मोटारींनी भरायला वेळ लागत नाही, हे पुण्यानेच सातारा रस्त्यावर, कर्वे रस्त्यावर, विद्यापीठ चौकात पाहिले आहे.

मी मेट्रोच्या विरोधात नाही. ६ मार्च २०२२ ला पुण्यात मेट्रो सुरू झाली, दोन वर्षांनी ती रामवाडीला पोचली, आणि तिच्यात बसलेल्या लोकांचा आनंद खरा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्वारगेट ते कात्रज हा भुयारी मार्ग मंजूर केला. लांबी ५.४६ किलोमीटर, खर्च सुमारे २,९५४ कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरला पाचशे कोटींहून अधिक. ज्या रस्त्यावर २००६ मध्ये देशातली पहिली बस मार्गिका आखली, त्याच रस्त्याखालून आता हे भुयार जाणार आहे. एवढा पैसा जमिनीखाली घालायची आपली तयारी आहे, आणि जमिनीवर चौकातल्या सिग्नलचा एक टप्पा बसला द्यायची इतक्या वर्षांत तयारी झाली नाही, हे मला अस्वस्थ करते.

भुयार पूर्ण व्हायला वर्षे लागतील. तोवर कात्रजचा प्रवासी पीएमपीनेच स्वारगेटला जाणार, आणि भुयार झाल्यावरही धनकवडीच्या चढावरून, आंबेगावातून, कोंढव्यातून मेट्रोच्या दारापर्यंत त्याला बसच आणणार. पिंपरी-चिंचवडच्या मार्गिका अजून उभ्या आहेत. त्यांच्याकडे स्थानकांची देखभाल, दोन्ही बाजूंच्या दारांच्या पुरेशा गाड्या आणि मार्गिकेत घुसणाऱ्यांना रोखणारा माणूस हवा. सातारा रस्त्यावर सिटी प्राइड चित्रपटगृहापासून जेधे चौकापर्यंत बसचा पट्टा न तुटता नेता येतो. त्यासाठी काही उजवी वळणे बंद करावी लागतील आणि वाहतूक पोलिसांना महापालिका व पीएमपी यांच्यासोबत बसून सिग्नलचे वेळापत्रक नव्याने लिहावे लागेल.